जन्मठेप चौदा वर्षांत संपत नाही



हिंगणघाटच्या नंदोरी चौकात 3 फेब्रुवारी 2020 रोजी पेटवल्या गेलेल्या प्राध्यापिकेच्या खुन्याला 2022 मध्ये जन्मठेप झाली; तो 'चौदा वर्षांत सुटेल', म्हणून अशांना पॅरोलविना आमरण कोंडावे, हे आपल्या अंकातील लेखाचे प्रतिपादन कायद्याच्या चुकीच्या वाचनावर उभे आहे. गोपाळ गोडसे खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1961 मध्येच जन्मठेप म्हणजे उर्वरित आयुष्याचा कारावास असा निर्वाळा दिला. 14 वर्षे ही फौजदारी प्रक्रिया संहितेत 1978 च्या दुरुस्तीने घातलेली किमान अट असून, खुनासारख्या गुन्ह्यात ती भरण्याआधी शासनाला शिक्षेत सूट देता येत नाही आणि नंतर सूट द्यावीच असेही बंधन नाही. पॅरोल, म्हणजे जामीनदार व पोलीस अहवाल पाहून मिळणारी तात्पुरती रजा, आणि सुटका यांना लेखकाने एकाच दावणीला बांधले आहे. सूट नाकारणारी जन्मठेप सर्वोच्च न्यायालयाच्या 2015 च्या श्रीहरन निकालानुसार केवळ उच्च व सर्वोच्च न्यायालयच देऊ शकते, तेव्हा ही शिक्षा देणाऱ्या सत्र न्यायालयावर लेखाने ठेवलेला सौम्यपणाचा ठपका गैरलागू ठरतो.

गुन्ह्याची क्रूरता निर्विवाद आहे. तथापि शक्ती मिल सामूहिक बलात्कार प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने 2021 मध्ये फाशी रद्द करताना पॅरोलही नाकारला, तो नमुना सरसकट लावणे म्हणजे विशीतल्या कैद्याचा साठीतला स्वभाव आजच ठरवून टाकणे होय. शिवाय बापाच्या अंत्यविधीची रजा रोखल्याने कोणती मुलगी सुरक्षित होते, हे लेखात सांगितलेले नाही.

पुढील लेखापूर्वी कलमे तपासली जावीत.

एक वाचक, हिंगणघाट, जि. वर्धा