रानात न्यायला गाडी कोणती घ्यावी?

यवतमाळचा माणूस पुण्यात आयटीत असला की ऑफिसात त्याला दोन प्रश्न हमखास विचारले जातात. पहिला, "उन्हाळ्यात तिकडे जगता कसे?" दुसरा, "तुमच्याकडे वाघ आहेत ना?" गेल्या काही वर्षांत तिसरा आलाय: "तुमच्याकडच्या जंगलात चालवायला बाईक कोणती घेऊ?" विचारणारा बहुधा पंचविशी-तिशीतला असतो, त्याने स्पेक्सचे तक्ते पाठ केलेले असतात आणि पहिल्या बोनसवर डोळा असतो. त्यातला एखादा चहाच्या टपरीवर आवाज खाली आणून पुढे विचारतो, "रात्री डुक्कर-बिक्कर मारायला मिळतं का रे?"

तर या दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकदाच सविस्तर देऊन टाकतो.

आधी दुसरा प्रश्न. नाही मिळत. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद आहे. 'आम्ही गोळी थोडीच घालणार, नुसतं गाडीने पळवणार' असं म्हणणाऱ्यांसाठी एक माहिती. त्या कायद्यातली शिकारीची व्याख्या नुसती मारण्यापुरती नाही. पकडणं, फासे लावणं, आमिष दाखवणं, हाकून नेणं, आणि यातल्या कशाचाही प्रयत्न करणं, हे सगळं शिकारच. धुऱ्यावर उभं राहून डबा वाजवणं वेगळं आणि रोह्याच्या मागे रानात गाडी घालणं वेगळं. (रोही म्हणजे नीलगाय. आमच्याकडे नीलगाय कोणी म्हणत नाही.) शिवाय गुन्ह्यात वापरलेलं वाहन जप्त होतं आणि ते सरकारच्या मालकीचं होण्याची तरतूदही त्याच कायद्यात आहे. म्हणजे गाडी सरकारची आणि ईएमआय तुमचा :-)

पिकाची नासाडी करणाऱ्या रानडुकराला मारायची लेखी परवानगी वनखात्याकडून मिळू शकते, हे खरं. पण ती परवानगी ज्याचं पीक जातंय त्याच्या अडचणीसाठी आहे, वीकेंडला आलेल्या पाहुण्याच्या हौसेसाठी नाही.

बरं, कायदा घटकाभर बाजूला ठेवू. यंत्राच्या जोरावर आमच्या रानात जनावराचा पाठलाग जमतो तरी का? याचं उत्तर आमच्याच जिल्ह्याने 2018 साली बघितलंय. राळेगाव-पांढरकवडा भागात टी-1 वाघिणीचा, म्हणजे पेपरांतल्या अवनीचा, शोध चालू होता. तेरा माणसांचे बळी तिच्या नावावर लावले गेले होते. पकडता आली तर पकडा, नाही जमलं तर गोळी घाला, असा आदेश होता आणि सप्टेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यात हस्तक्षेप करायला नकार दिला. मग काय काय नाही आलं? कॅमेरा ट्रॅप आले, ड्रोन आले, हत्ती आले, पॅराग्लायडर आला, इटालियन जातीची कुत्री आली, शेवटी वास सोडायला परदेशी परफ्यूमसुद्धा आलं. ताडोबाहून आणलेला एक हत्ती साखळी तोडून सुटला आणि त्याने एका बाईचा जीव घेतला. एवढं सगळं होऊनही वाघीण अनेक आठवडे हाती लागली नाही. शेवटी 2 नोव्हेंबर 2018 च्या रात्री बोराटी गावाजवळ ती गोळीला बळी पडली आणि बेशुद्ध करण्याचा प्रयत्न खरोखर झाला होता का यावरचा वाद नंतर बराच काळ चालला.

याचं कारण आमच्या जमिनीत आहे. शहरातल्या माणसाच्या डोक्यात जंगल म्हणजे एकसंध हिरवा पट्टा असतो. इथे तसं नाही. कापसाचं वावर, मग नाला, मग रायमुनियाची (तिकडच्या भाषेत घाणेरीची) गच्च झुडपं, मग सागवानाचा तुकडा, मग पुन्हा तुरीचं वावर आणि लगेच गाव. जनावर दहा पावलांवर असलं तरी दिसत नाही. रायमुनियात तुमची बाईक तर सोडाच, माणूससुद्धा वाकून शिरतो. अशा ठिकाणी सव्वादोनशे मिलिमीटर ग्राऊंड क्लिअरन्स घेऊन करायचं काय?

आता आपला नेहमीचा धडा. रिक्वायरमेंट आधी, सोल्यूशन नंतर. यवतमाळच्या रानात मोटरसायकल खरोखर कोणाला लागते आणि कशासाठी? तर जागलीला जाणाऱ्याला. सोयाबीन शेंगांवर आलं की डुकरांचे कळप उतरतात. मग कापूस, तूर, हरभरा असं करत हिवाळा संपेपर्यंत घरातला एक माणूस रात्री शेतात असतो. संध्याकाळी जेवण करून, डबा, टॉर्च, घोंगडी आणि कधीकधी बॅटरी किंवा फवारणीचा पंप घेऊन त्याला गावापासून दोन-चार किलोमीटर पांदणीने जायचं असतं आणि सकाळी परत यायचं असतं. दिवसा तीच गाडी दूध नेते, पोरीला कॉलेजच्या एसटीपर्यंत सोडते, कृषी केंद्रातून खताचं पोतं आणते.

म्हणजे रिक्वायरमेंट पाठलागाची नसून पोचण्याची आहे. एवढं एक कळलं की अर्धे मॉडेल यादीतून आपोआप गळतात.

पहिला शत्रू चिखल. आमची काळी माती भिजली की फुगते आणि चिकटते. ती टायरला लागते, टायरवरून मडगार्डच्या आत जाते आणि तिथे थरावर थर बसत जातो. शंभर-दोनशे मीटरमध्ये चाक फिरायचंच बंद होतं. इंजिनात आठ घोडे असोत की चाळीस, जाम झालेल्या चाकाला काही फरक पडत नाही. बटन टायरच्या खाचासुद्धा या मातीने भरून गुळगुळीत होतात. म्हणून पावसाळ्यात बरेच जण पुढचं मडगार्ड काढूनच ठेवतात आणि माती खरवडायला एक सळई जवळ बाळगतात. ज्या गाडीचं पुढचं मडगार्ड टायरपासून उंच असतं तिचा इथे खरा फायदा आहे, हे मान्य.

दुसरा मुद्दा वजनाचा, आणि माझ्या मते हाच सगळ्यात मोठा. स्प्लेंडर भरते 112 किलो. एक्सपल्स 200 चं 4व्ही मॉडेल 160 च्या आसपास. हिमालयन 450 थेट 196 किलो. कागदावर हे नुसते आकडे आहेत. रात्री साडेनऊला, एकटा माणूस, नाल्याच्या उतारावर गाडी आडवी, तेव्हा या आकड्यांचा अर्थ कळतो. गेल्या पावसाळ्यात गावातल्याच एकाचा मुलगा शहरातून मोठी ॲडव्हेंचर बाईक घेऊन आला होता. पांदणीत ती पोटापर्यंत बसली आणि बाहेर काढायला चार माणसं लागली. माझा चुलतभाऊ सगळं आटोपल्यावर बिडी पेटवत एवढंच म्हणाला, "भाऊ, गाडी दिसाले जबरी हाय. पण एकटा असतो त उचलनार कोन?" एवढा नेमका रिव्ह्यू मी कुठल्या मासिकात वाचला नाही.

हे फक्त आमच्या गरीब खेड्याचं शहाणपण आहे असं वाटत असेल तर अमेरिकेकडे बघा. तिथे शिकार कायदेशीर आहे, डोंगर आहेत, पैसाही आहे. 1960 च्या सुमारास आयडाहोमधल्या बॉइसी शहरात हर्ब उल नावाचा एक होंडा डीलर होता. त्याने 50 सीसीची साधी होंडा कब घेतली, मागे मोठं स्पॉकेट टाकलं, जाड नक्षीचे टायर चढवले आणि रानात जाणाऱ्यांना विकायला सुरुवात केली. त्यावरूनच होंडाने ट्रेल मालिका काढली. शिकारी आणि मासेमारी करणाऱ्यांत ती पुढे अनेक वर्षं लाडकी राहिली. दुसरी तिकडची रोकॉन. दोन्ही चाकांना ताकद, पोकळ चाकांत पेट्रोल किंवा पाणी भरायची सोय, वजन शंभर किलोच्या आसपास आणि वेग आपल्या मोपेडइतका. ज्यांना खरोखर डोंगरात जायचं होतं त्यांनी हलकी, हळू आणि खालच्या गिअरमध्ये जोर असलेली गाडी निवडली.

तिसरा मुद्दा दुरुस्ती. बाभळीचा काटा कोणत्याही टायरला ओळख दाखवत नाही. तारांचं चाक वाकलं तर गावातला मेकॅनिक तासाभरात आउट काढून देतो, पण अलॉय तडकलं की विषय संपला. क्लच केबल, प्लग, चेन-स्पॉकेट या गोष्टी पांढरकवडा, घाटंजी, पाटणबोरीत कुठेही मिळाल्या पाहिजेत. लिक्विड कूलिंगवाल्या गाडीचा रेडिएटर दगडाने फुटला तर सर्व्हिस सेंटर जिल्ह्याच्या गावी, आणि डुकरं त्या रात्रीसुद्धा येणारच.

चौथा मुद्दा आवाजाचा आणि उजेडाचा. सायलेन्सर बदलून फटफट करत जाण्याने जनावर पळतं हा गैरसमज आहे. दोन दिवसांत त्याला आवाजाची सवय होते, मागून काय येतंय ते मात्र तुम्हाला ऐकू येत नाही. वाघाच्या भागात कान हीच खरी सेफ्टी. दक्षिण आफ्रिकेत चोरट्या शिकारीविरुद्ध गस्त घालणाऱ्यांसाठी 2021 मध्ये केक या स्वीडिश कंपनीने मुद्दाम इलेक्ट्रिक बाईक बनवली, कारण इंजिनाचा आवाज चोरट्यांना लांबूनच सावध करतो. (ती कंपनी पुढे 2024 मध्ये दिवाळखोरीत गेली, पण कल्पना बरोबर होती.) आणि जुन्या 100 सीसी गाड्यांचा हेडलाईट गाडी हळू झाली की मंद होतो, तेव्हा चांगला टॉर्च वेगळा घ्याच.

मग माझं मत काय? शेतीसाठी, जागलीसाठी गाडी हवी असेल तर तारांच्या चाकांची, किक असलेली 100 सीसीची गाडी. पुढच्या स्पॉकेटला एक दात कमी करून घ्या, टॉप स्पीड थोडा जाईल पण चढाला आणि चिखलात जोर मिळेल. मागे मजबूत कॅरिअर बसवा. तुम्ही स्वतः चालवणार, बरोबर दुसरा माणूस असणार आणि डांबरी रस्त्यावरूनही लांब जायचं असेल तर एक्सपल्सच्या वजनापर्यंत या. 21 इंची पुढचं चाक दगडगोट्यांत खरंच सुख देतं. त्यावरच्या गाड्या हायवेला आणि लडाखला उत्तम आहेत, त्यांना माझा काही विरोध नाही. फक्त त्यांना आमच्या पांदणीचं कारण सांगू नका. आणि टिपेश्वर बघायचं असेल तर गेटवर रीतसर जिप्सी करा.

आता थोडं आपल्यासारख्यांबद्दल, ज्यांचं घर गावाकडे आहे आणि पगार शहरात. हिमालयन 450 आणि स्प्लेंडर यांच्या किमतीत दोन लाखांच्या वर फरक आहे. गावाकडच्या भावाला भारी गाडी घेऊन देण्याचा, किंवा स्वतःसाठी घेऊन 'गावाकडे उपयोगी पडेल' असं घरी पटवण्याचा मोह मला कळतो. पण भावाचा खरा प्रश्न शेतात लवकर पोचण्याचा नाहीच, रोज रात्री जावं लागतं हा आहे. त्याला मोटरसायकल उत्तर नाही. सौर कुंपण आहे, म्हणजे आमच्याकडची झटका मशीन. ती क्षणभराचा झटका देते, जनावर दचकून मागे फिरतं, मरत नाही. डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेत तिला अनुदानही आहे. ती परवडत नाही म्हणून काही जण थेट लाईनचा करंट तारेत सोडतात. त्याने डुक्कर मरतं, वाघ मरतो आणि कधी पहाटे शेजारच्या वावरातला माणूसही मरतो.

तेव्हा बजेट दोन भागांत करा. हलकी गाडी घ्या आणि उरलेल्या पैशांत कुंपणाला हातभार लावा. कुंपणाचा फोटो टाकून लाईक मिळत नाहीत, हे कबूल. पण सोयाबीन भरल्यापासून हरभरा निघेपर्यंत एक माणूस निदान अर्ध्या रात्री तरी आपल्या घरी, आपल्या पोरांशेजारी झोपू शकेल. शेवटी गाडी न्यायची आहे ती त्याच्याच रानात, तेव्हा निवडही त्याच्या सोयीने करू या.