खेळ मुलांचा, गल्ला कुणाचा?

मार्च २०१९ मधील ती घटना हिंगोलीकर अजून विसरलेले नाहीत. खटकाळी बायपासजवळ रेल्वे रुळावर दोन तरुण मोबाईलवर पबजी खेळण्यात गढून गेले होते आणि हैदराबाद-अजमेर गाडीने त्यांना चिरडले. दोघेही पंचविशीच्या आतले. तेव्हापासून आमच्या जिल्ह्यात मोबाईलवरील खेळाचा विषय निघाला की वडीलधारी मंडळी रुळाकडे बोट दाखवितात. पुढे २ सप्टेंबर २०२० रोजी केंद्र सरकारने पबजीवर बंदी घातली. ती पोरांच्या काळजीपोटी नव्हे. चीनशी संबंध बिघडले होते आणि कारण देशाच्या सुरक्षेचे दिले गेले. २०२१ साली तोच खेळ भारताचे नाव लावून परत आला, २०२२ मध्ये पुन्हा बंद झाला, २०२३ मध्ये पुन्हा सुरू झाला. या साऱ्या येण्याजाण्यात खेळ म्हणून तो चांगला की वाईट, हे कुणीच विचारले नाही.

तो प्रश्न आमच्या वस्तीतल्या विहारात आशा सेविका म्हणून काम करणाऱ्या एका ताईंनी विचारला. रविवारची वंदना आटोपून पालकांशी बोलणे चालले होते. त्या म्हणाल्या, "वकीलसाहेब, मोठ्यांचं सोडा. खास लेकरांसाठी म्हणून जे खेळ काढतात, त्यात खरोखर चांगला असा एखादा तरी असतो का, का सगळे सारखेच?"

असतो. परंतु नेमका तोच आमच्या लेकरांपर्यंत पोहोचत नाही, असे आमचे म्हणणे आहे.

आमच्या चळवळीतील काही कार्यकर्ते या प्रश्नाचा निकाल एका वाक्यात लावतात. मोबाईलचे खेळ म्हणजे बहुजनांच्या पोरांना शिक्षणापासून तोडण्याचे कारस्थान, बस्स. कारस्थान म्हटले की पुढे विचार करण्याची गरज उरत नाही, हा त्यातला धोका आहे. दीघनिकायातील ब्रह्मजाल सुत्तात खेळांची मोठी यादी येते. अष्टपद, फासे, विटीदांडू, भिंगरी, खेळण्यातला नांगर, खेळण्यातली गाडी, धनुष्य. वाचताना अडीच हजार वर्षांपूर्वीच्या पोरांचे अंगण डोळ्यांपुढे उभे राहते. श्रमण गोतम यांपासून दूर राहतो, असे तेथे म्हटले आहे. पण ती शिस्त घर सोडलेल्या भिक्खूची. गृहस्थ सिगालाला उपदेश करताना तथागत संपत्तीनाशाच्या ज्या सहा वाटा सांगतात, त्यांत जुगार आहे, विटीदांडू नाही. खेळ आणि जुगार यांच्यातील ही रेघ आम्हाला फार मोलाची वाटते, कारण आजचा मोबाईल नेमकी तीच पुसत चालला आहे.

दुसरीकडे शिक्षक मंडळी आहेत. 'शैक्षणिक' असा शिक्का असला की खेळ चांगला, अशी त्यांची समजूत. असे खेळ आम्ही पुष्कळ पाहिले. बेरजेचे उत्तर बरोबर आले की फुगा फुटतो, चुकले की माकड रडते. तो खेळ नव्हे, ती रंगविलेली प्रश्नपत्रिका आहे. लेकरू ती दहा मिनिटांत टाकून देते आणि योग्यच करते. मुलांसाठी केलेल्या वस्तूत थोडे कमी चालते असे मानणारा माणूस मुलाला कमी अकलेचे समजत असतो. (आमच्या समाजासाठी थोडे कमी चालते असे समजणाऱ्यांशी आमचा जुना परिचय आहे.)

याउलट जपानच्या शिगेरू मियामोतो यांचे पाहा. क्योतोजवळच्या सोनोबे गावी लहानपणी रानात भटकताना त्यांना गुहा सापडली आणि कंदील घेऊन ते आत शिरले. त्या आठवणीतून १९८६ साली निन्टेन्डो कंपनीचा 'लीजेंड ऑफ झेल्डा' हा खेळ आला. त्यात पोराचे बोट धरून कुणी चालवीत नाही. कोणत्या दिशेने जायचे हे त्याचे त्यानेच ठरवायचे. उन्हाळ्यात कयाधूच्या कोरड्या पात्रात भटकलेल्या कुणालाही ही ओढ समजेल. किंवा स्वीडनमध्ये तयार झालेला आणि २०११ मध्ये पूर्ण रूपात आलेला 'माइनक्राफ्ट' घ्या. ठोकळ्यांचे जग, घर बांधा, पाडा, पुन्हा बांधा. संयुक्त राष्ट्रांच्या यूएन-हॅबिटॅट या संस्थेने २०१२ पासून हाच खेळ हाताशी धरला आणि नैरोबीच्या किबेरा झोपडपट्टीतील मैदान कसे असावे, याचा आराखडा तिथल्या रहिवाशांकडूनच करवून घेतला. झोपडपट्टीतल्या माणसाला नकाशा कळत नाही, म्हणून त्याला विचारायचेच नाही, ही अधिकाऱ्यांची आवडती सबब त्या खेळाने निकाली काढली. आमच्याकडे दलित वस्ती सुधारणेच्या कामात गटार कुठून न्यायची, हे वस्तीला कधी कुणी विचारले आहे काय?

या खेळांत हरण्याचा दंड नाही. पडलात तर उठा आणि पुन्हा करा. शिकण्याची रीत हीच असते. मात्र हे खेळ विकत घ्यावे लागतात. माइनक्राफ्टमध्येही आता जोडसामानाचे दुकान थाटले आहे, पण त्यावाचून खेळ अडत नाही.

हिंगोली-कळमनुरीच्या वस्त्यांत येतो तो 'फुकट' खेळ. २०१६ नंतर डेटा स्वस्त झाला, २०२० च्या टाळेबंदीत शाळेसाठी म्हणून उसनवारी करून मोबाईल घरात आला, शाळा उघडली तरी तो घरातच राहिला. आईबाप ऊसतोडीला गेलेले, आजीची नजर अधू, मग लेकरू सांभाळतो कोण? मोबाईल. त्या फुकटच्या खेळात हरलात की जीव संपतो आणि तो पैशाने मिळतो. पेटीत काय आहे ते पेटी विकत घेतल्याशिवाय दिसत नाही. उघडले नाही तर संध्याकाळी घंटी वाजवून मोबाईल स्वतःच बोलावतो. लहान मुलांचा म्हणून काढलेला, चित्रात ससे आणि अस्वले असलेला खेळ आतून पत्त्यांच्या क्लबासारखा चालतो.

गेल्या उन्हाळ्यात हळद काढणीची मजुरी करणारी एक बाई आमच्याकडे आली. खात्यातून सहा हजार आठशे रुपये गेले होते. तुकड्या तुकड्याने, एकोणनव्वद आणि एकशे एकोणसाठ करून. अकरा वर्षांच्या मुलाने खेळात खर्चले. त्याला पिन ठाऊक होता, कारण तिला वाचता येत नाही आणि रिचार्ज तोच करून देतो. कायदा तिच्या बाजूने आहे. १८७२ च्या करार कायद्याचे कलम ११ सांगते की अज्ञान व्यक्ती करार करण्यास सक्षम नाही, आणि अज्ञानाचा करार मुळातच रद्दबातल, हे प्रिव्ही कौन्सिलने मोहोरीबीबी खटल्यात १९०३ सालीच ठरविले आहे. परंतु कंपनीच्या लेखी खरेदीदार मुलगा नव्हेच. पिन आईचा, खाते आईचे, म्हणून ग्राहक आई. आम्ही १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदविली, पत्रे लिहिली. तीन महिन्यांनी निम्मे पैसे परत आले. ते कायद्याने आले की दयेने, हे आम्हालाही कळले नाही.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला आणि पैसे लावून पैसे जिंकण्याच्या खेळांवर बंदी आणली. त्याच्या आदल्याच महिन्यात विधान परिषदेत आपल्या राज्याचे तत्कालीन कृषिमंत्री मोबाईलवर रमी खेळत असल्याचा व्हिडिओ गाजला होता. आपण खेळत नव्हतो, पडद्यावर आलेला खेळ बंद करीत होतो, असा त्यांचा खुलासा होता. तो खरा मानला, तर मंत्र्याला जो खेळ बंद करता येईना, तो आठ वर्षांच्या पोराने कसा बंद करावा? (कृषी खाते गेले आणि त्यांना क्रीडा खाते मिळाले. सरकारला विनोद कळतो.)

पण हा कायदा त्या हळदवाल्या बाईच्या कामाचा नाही. तिच्या मुलाने पैसे जिंकण्यासाठी लावलेच नव्हते. त्याने सशाला जीव विकत घेतला. तिच्या कामाची आहेत ती ३० नोव्हेंबर २०२३ ची ग्राहक संरक्षण प्राधिकरणाची मार्गदर्शक तत्त्वे. त्यांत फसवणुकीचे तेरा प्रकार दिले आहेत. खोटी घाई लावणे, सतत भुणभुण करणे हे त्यांतलेच. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालील मुलांवर पाळत ठेवून जाहिराती दाखविण्यास मनाई केली. त्याचे नियम मात्र नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि त्यांतील बहुतेक बंधनांसाठी कंपन्यांना अठरा महिन्यांची सवड मिळाली. अमेरिकेत डिसेंबर २०२२ मध्ये फोर्टनाइट खेळाच्या एपिक गेम्स कंपनीला ५२ कोटी डॉलर मोजावे लागले. मुलांची माहिती आईबापांना न विचारता गोळा केली आणि बटणांची मांडणी अशी ठेवली की नकळत खरेदी व्हावी, असे आरोप होते. आमच्याकडे असा बडगा कुणाला बसल्याचे आमच्या तरी पाहण्यात नाही.

आता एक गोष्ट पालकांनी रागावू नये म्हणून सांगतो. आम्ही त्या अकरा वर्षांच्या मुलाला विचारले, त्या खेळात एवढे काय आहे? तो म्हणाला, "तिथं नाव आपणच ठेवायचं असतं. आडनाव लागत नाही." मैदाने आमच्यासाठी कधीच सरळ मोकळी नव्हती. बाळू पालवणकरांसारख्या गोलंदाजाला पुण्यात चहा बाहेर उभे राहून मातीच्या भांड्यात घ्यावा लागे. आजही गावातल्या क्रिकेटच्या संघात बॅट कुणाची आणि चेंडू आणायला कोण पळतो, ते पाहावे. पोराला मोबाईलमध्ये जे सापडले ते नुसते व्यसन नाही, आणि मोबाईल हिसकावून घेताना आपण तेही हिसकावतो.

शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात प्रत्येक वर्गाला खेळाचे साहित्य द्यावे असे लिहिले आहे. जिल्हा परिषद शाळांनी आणि सामाजिक न्याय विभागाच्या वसतिगृहांनी या साहित्यात चांगले संगणकीय खेळही धरावेत, एकदाच किंमत मोजून घेतलेले, अशी मागणी आम्ही करीत आहोत. निवेदन तयार आहे.

तोवर आमच्या विहारात ग्रंथालयाच्या कोपऱ्यात दोन जुने संगणक बसविले आहेत. लहानग्यांसाठी 'जीकॉम्प्री' आहे, मोठ्यांसाठी एमआयटीने २००७ साली आणलेले 'स्क्रॅच', ज्यात मुले स्वतःच खेळ तयार करतात. दोन्हींना पैसा लागत नाही, जाहिरात येत नाही. सहावीतल्या एका मुलीने टँकरचा खेळ केला आहे. टँकर वस्तीत येतो, तो निघून जाण्याआधी हंडे भरायचे. आधी हरल्यावर 'खेळ समाप्त' असे यायचे. तिने ते बदलले. आता 'टँकर उद्या येईल' असे येते. आम्ही स्वतः तीनदा हरलो. रविवारी दोन संगणकांपुढे पंधरा-वीस पोरांची रांग असते आणि भांडणे होतात. कुणाकडे चालू स्थितीतला जुना संगणक पडून असेल, तर विहार समितीकडे आणून द्यावा. पावती मिळेल.