पुढची पिशवी घ्या, पण पाय दिसू द्या

पाऊस ओसरायला लागला की आपल्या महाड-पोलादपूरच्या कॉलेजांत ट्रेकचे प्लॅन शिजायला लागतात. रायगड तर घरचाच. मग कुणीतरी ढवळे गावातून चंद्रगड आणि तिथून थेट मढीमहाल असा बेत काढतं, कुणी शिवथरघळ आणि वरंध घाटाकडे ओढतं. यंदा मात्र ग्रुपवर प्लॅनच्या आधी लिंक येऊन पडतेय ती छातीवर बांधायच्या पाउचची. चेस्ट पॅक, फ्रंट पाउच, काहीही म्हणा. रीलमध्ये भारी दिसतो, एकदम कमांडो. प्रश्न असा आहे की गड उतरताना तो तुमच्या कामाचा आहे का?

माझं मत आधीच सांगून टाकते. पुढे एक छोटी पिशवी हवीच. पण ती घालून तुम्हाला स्वतःच्या बुटांची टोकं दिसत नसतील, तर ती कितीही महागाची असो, आपल्या डोंगरांत नको.

ही कल्पना काही नवीन नाही. पूर्वी वाटसरूच्या खांद्यावर पडशी असायची, दोन कप्प्यांची, एक पुढे आणि एक पाठीवर. भार आपोआप तोलला जायचा. आपल्याकडे अजूनही रानात जाणारा माणूस कमरेला आकडी बांधतो आणि कोयता मागे अडकवतो, म्हणजे दोन्ही हात मोकळे आणि पुढचं सगळं डोळ्यासमोर. शेतातली बाई भाजी खुडताना ओच्यात टाकते. लागणारी वस्तू हाताशी हवी आणि चालण्याच्या आड येता कामा नये, एवढं साधं गणित आहे. न्यूझीलंडची आर्न नावाची कंपनी तर सॅकच्या पट्ट्यांना पुढच्या बाजूला भलेमोठे खिसे लावून विकते, तेही याच तोलाच्या हिशेबावर. पाठीवर दहा किलो असले की शरीर मागे खेचलं जातं, म्हणून आपण पुढे वाकून चालतो. थोडं वजन पुढे आलं की पाठ सरळ राहते. सपाटीवर आणि लांबच्या चालीत याचा फायदा नक्की होतो.

पण सह्याद्रीत सपाटी असते किती? चित दरवाजाकडून रायगड चढायचा तर हजारावर पायऱ्या आहेत, आणि त्या कॉलेजच्या जिन्यासारख्या एका मापाच्या नाहीत. एक वीतभर, पुढची गुडघ्याएवढी, तिसरी बाहेरच्या अंगाला झुकलेली. चढताना दम लागतो, पण पाय मुरगळतो तो बहुतेक वेळा उतरताना. उतरताना नजर सरळ खाली, पुढच्या पायरीच्या कडेवर हवी. छातीपासून पोटापर्यंत फुगलेली पिशवी नेमकी तेवढाच तुकडा झाकते. मग माणूस मान काढून वाकून बघतो, वाकला की पाठीवरची सॅक डोक्याकडे सरकते, आणि तोल जायला एवढं पुरतं. त्यात शेवाळ असेल तर बोलायलाच नको. ७ जुलै २०२४ ला रायगडावर कोसळलेला पाऊस आठवा. महादरवाजाकडच्या पायऱ्यांवरून पाण्याचे लोट वाहत होते आणि माणसं भिंतीला धरून उभी होती. नंतर प्रशासनाला गड काही काळ बंद ठेवावा लागला. अशा वेळी दोन हात मोकळे आणि पाय दिसणारे हवेत, बाकी सगळं दुय्यम.

चंद्रगडासारख्या ठिकाणी अजून एक भानगड. कातळाला अंग चिकटवून चढायची वेळ आली की छातीवरची जाड पिशवी तुम्हाला दगडापासून लांब ढकलते. चार बोटं लांब गेलात तरी सगळा भार हाताच्या बोटांवर येतो. म्हणून पाउचची लांबी-रुंदी बघण्याआधी जाडी बघा. भरल्यावर चार बोटांपेक्षा जाड होत असेल तर सोडून द्या. दुकानात रिकामा पाउच सगळेच चपटे दिसतात हो, त्यात मोबाईल, बाटली आणि खाऊ कोंबून बघा.

तो अडकवायचा कसा, हा खरा कळीचा मुद्दा. सॅकच्या दोन्ही पट्ट्यांना चार बकलांनी अडकणारा प्रकार हलत नाही, मानेवर भार येत नाही, धावलात तरी उड्या मारत नाही. पण सॅक उतरवायची म्हटली की आधी हे सगळं सोडायचं. ओढा ओलांडताना सॅकचे छातीचे आणि कमरेचे पट्टे सोडून ठेवायचे असतात, कारण पाय घसरला तर सॅक झटकन अंगावेगळी झाली पाहिजे. पुढून चार बकलांनी बांधलेला माणूस ते कधी करणार? तेव्हा असा पाउच घ्यायचाच तर एका बाजूची बकलं सुटली की दुसरीकडे लोंबकळणारा घ्या, आणि डोळे मिटून एका हाताने तो सोडायची सवय घरीच करा. गळ्यात तिरका टाकायचा स्लिंग स्वस्त आणि सोपा, एसटीत तर उत्तमच, पण वाटेवर त्याचा पट्टा कारवीच्या झुडपात अडकतो आणि प्रत्येक पावलाला पिशवी बरगडीवर आपटते. कमरेचा पाउच मला बरा वाटतो, फक्त मोठ्या सॅकचा कमरपट्टा आणि तो एकमेकांशी भांडतात. एका दिवसाच्या ट्रेकला, लहान सॅक असेल तर, कमरेचाच बांधा. दोन-तीन दिवसांची मोठी सॅक असेल तर पट्ट्यांना अडकणारा चपटा पाउच, दोन-तीन लिटरच्या वर नाही. शिवाय तो सॅकपासून सुटून एकटाही अंगावर राहील असा बारीक पट्टा त्याला हवा. सॅक खाली ठेवून आपण टोक बघायला जातो ना, तेव्हा अंगावर काय राहतं याचा विचार कुणी करत नाही.

यावरूनच ठरतं त्यात काय ठेवायचं. सॅक हरवली, दरीत गेली, नाहीतर आपणच वाट चुकून एकटे पडलो, तर जे लागेल ते पुढे. छोटी टॉर्च, शिट्टी, ओआरएसचं पाकीट, तुमचं रोजचं औषध किंवा दम्याचा पंप, थोडी चिक्की, ओळखपत्र, आणि रोख पैसे, सुट्टे. ढवळ्याच्या बाजूला रेंज गेली की यूपीआय काय कामाचं! घरच्यांचे नंबर कागदावर लिहून ठेवा, कारण मोबाईल बंद पडला तर आईचा नंबर किती जणांना पाठ असतो, खरं सांगा. शिट्टीचं म्हणाल तर बऱ्याच सॅकच्या छातीच्या बकलातच ती असते आणि मालकाला पत्ता नसतो. मिनिटात सहा वेळा वाजवायची, मग एक मिनिट थांबायचं, परत सहा. मदत हवी असल्याची ही जगभरची खूण आहे, आणि घाटात हाकेपेक्षा ती लांब जाते.

पाण्याबद्दल जरा जास्त सांगायला हवं. सॅकमधली बाटली काढायची तर थांबा, उतरवा, झिप उघडा. त्या कंटाळ्यापायी लोक पाणी पितच नाहीत. आपल्या जिल्ह्यातल्या भिऱ्याला २८ मार्च २०१७ रोजी ४६.५ अंश तापमान नोंदलं गेलं होतं. त्या उन्हात गळा सुकेपर्यंत थांबणं म्हणजे चक्कर ओढवून घेणं. अर्ध्या लिटरची एक बाटली खांद्याच्या पट्ट्यावर हाताशी असली तर घोट-घोट जातो. लिटरची नको, लिटरभर पाणी म्हणजे एक किलो आणि ते एका खांद्याला लोंबणार. पुढचं सगळं मिळून किलो-सव्वा किलोच्या वर जाऊ देऊ नका. पॉवरबँक, कॅमेरा, सनग्लासेसचा डबा हे सगळं मागे टाका. आणि हो, एप्रिल-मे मध्ये छाती पूर्ण झाकणारा प्रकार घालून चढलात तर पुढून-मागून घामाने भिजाल, वारा लागायला जागाच उरत नाही.

पावसात सॅकचं रेनकव्हर फक्त सॅक झाकतं, पुढचा पाउच उघडाच राहतो. ‘वॉटरप्रूफ’ लिहिलेल्या कापडाचीसुद्धा शिवण आणि झिप गळते. मोबाईल आणि औषध दुधाच्या धुतलेल्या पिशवीत गुंडाळून गाठ मारा, नाहीतर सगळ्यावरून पोंचो घाला.

मुलींसाठी वेगळं लिहावं लागतंय, कारण बनवणाऱ्यांनी तो विचार फारसा केलेला दिसत नाही. बरेचसे चेस्ट पॅक सपाट छातीच्या मापाने कापलेले असतात. घट्ट बांधला तर श्वास अडतो आणि टोचतो, सैल सोडला तर उसळतो. मग आपणच बारीक नाहीतर जाड म्हणून दोष स्वतःला द्यायचा! तसं काही नाही गं, माप चुकीचं आहे. बरगड्यांच्या खालच्या भागावर बसणारा आडवा पाउच किंवा दोन खांद्यांच्या पट्ट्यांवर दोन छोटे वेगळे खिसे, हे जास्त जमतं. ‘दिसतंय छान’ म्हणणाऱ्या मैत्रिणीचं ऐकू नका, घालून एक खोल श्वास घेऊन बघा.

ऑनलाइन मागवायचा असेल तर परत करता येईल असाच मागवा. आला की भरलेली सॅक आणि भरलेला पाउच घालून कॉलेजचा जिना तीन मजले उतरा. मान न वाकवता पुढची पायरी दिसते का, गुडघा उंच उचलला तर पिशवीला लागतो का, एका हाताने झिप उघडते का. लोक हसतील, हसू देत. आणि पैसे नसतील तर बाजारपेठेत सॅक शिवणाऱ्याकडे जुनं दप्तर घेऊन जा. त्याचा पुढचा खिसा कापून, मागे दोन पट्टे आणि चार बकलं लावून द्या म्हणावं. जाडी मात्र त्याला हाताने दाखवा, चार बोटं.