रविवार कोणाचा?

रविवारची सकाळ मध्यमवर्गीय घरात जरा उशिरा उजाडते. गजर लावलेला नसतो, डबे भरण्याची घाई नसते, वर्तमानपत्राची पुरवणी चहाच्या दुसऱ्या कपासोबत सावकाश वाचली जाते. अशा वेळी दाराची घंटा वाजते आणि धुण्याभांड्याची मावशी आत येते. इतर दिवसांपेक्षा आज तिला काम अधिक असते. सगळे घरी असल्यामुळे न्याहारीपासूनच बशा वाढलेल्या असतात, आदल्या रात्री पाहुणे येऊन गेलेले असतात आणि आठवडाभर राहून गेलेली जळमटे काढायलाही रविवारच सोयीचा असतो. स्वयंपाकघरात गृहिणीही आज अधिक राबत असते. एकाच छपराखाली काहींना रविवार असतो आणि काहींना नसतो. ही गोष्ट इतकी अंगवळणी पडली आहे की ती कोणाला खटकतही नाही.

वास्तविक, श्रमिकाची रविवारची सुट्टी ही मागून, झगडून मिळवलेली गोष्ट आहे आणि त्या लढ्याचा अग्रणी एक मराठी माणूस होता. नारायण मेघाजी लोखंडे हे महात्मा जोतीराव फुले यांचे सहकारी आणि ‘दीनबंधु’ पत्राचे संपादक. मुंबईच्या गिरणीत नोकरी करताना त्यांनी कामगारांचे जिणे जवळून पाहिले होते. पहाटेपासून अंधार पडेपर्यंत यंत्रे चालत आणि त्यांच्याबरोबर माणसेही राबत. १८८४ मध्ये लोखंडे यांनी कामगारांच्या सभा घेतल्या आणि सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचे निवेदन तयार केले. आठवड्यातून एक दिवस पूर्ण विश्रांती मिळावी, दुपारी अर्धा तास सुट्टी असावी, कामाच्या वेळेला मर्यादा असावी, वेतन वेळेवर मिळावे, कामावर जखमी होणाऱ्याला बरे होईपर्यंत वेतन मिळावे, अशा त्यातील मागण्या होत्या. त्यासाठी पुढे सहा वर्षे झगडावे लागले. २४ एप्रिल १८९० रोजी झालेल्या सभेला सुमारे दहा हजार कामगार जमले. त्या सभेत दोन कामगार स्त्रियांनीही भाषणे केली. अखेर १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघटनेने रविवारची सुट्टी मान्य केली. पुढच्याच वर्षी झालेल्या कारखाना कायद्यातही साप्ताहिक सुट्टीला स्थान मिळाले. १८९७ मध्ये प्लेगच्या साथीत लोखंडे यांचा अंत झाला. त्यांच्या त्या निवेदनातील मागण्या आज कोणत्याही शहरातील घरकामगार स्त्रीच्या तोंडी जशाच्या तशा शोभतील, ही बाब मात्र विचार करायला लावणारी आहे.

विश्रांतीचे मोल या मातीला ठाऊक नव्हते, असेही नाही. श्रावण अमावास्येला महाराष्ट्राच्या बहुतेक भागात पोळा साजरा होतो. आदल्या दिवशी खांदेमळणी असते. वर्षभर जू वाहून घट्टे पडलेला बैलाचा खांदा हळद आणि तूप लावून चोळला जातो. त्याला दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचे आमंत्रण दिले जाते. सणाच्या दिवशी त्याच्या मानेवर जू ठेवत नाहीत, त्याला आसूड दाखवत नाहीत. ओवाळून पुरणपोळीचा घास प्रथम त्याला भरवतात. या प्रथेचा अर्थ साधा आहे. जो आपल्यासाठी राबतो त्याचा खांदा दुखतो, हे धन्याने ओळखावे आणि ते त्याने न सांगता ओळखावे. मुक्या जनावराच्या बाबतीत ज्या समाजाने एवढी जाण दाखवली, त्याच समाजातील सुशिक्षित घरांना फरशी पुसणाऱ्या बाईचे दुखरे गुडघे दिसू नयेत, हा विरोधाभास आहे.

आरोग्याच्या दृष्टीने हा प्रश्न किती गंभीर आहे, हे समजण्यासाठी वैद्यकाचे विशेष ज्ञान लागत नाही. चार-पाच घरी रोज उकिडवे बसून फरशी पुसणाऱ्या स्त्रीचे गुडघे आणि कंबर अकाली झिजतात. साबण आणि पावडरीच्या पाण्यात तासन्‌तास हात बुडालेले असल्याने कातडी सोलवटते, बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात. सकाळी घाईने चहा घेऊन निघालेली बाई दुपारी घरी पोहोचल्यावर पहिला घास खाते. अनेकदा कामाच्या घरी स्वच्छतागृह वापरण्याचा संकोच वाटतो म्हणून ती पाणीही कमी पिते. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातील १५ ते ४९ वयोगटातील सुमारे ५७ टक्के स्त्रिया रक्तक्षयाने ग्रस्त होत्या. महाराष्ट्रात हे प्रमाण सुमारे ५४ टक्के होते. अशा शरीराला आठवड्याचा एक दिवसही मिळाला नाही, तर ते सावरणार केव्हा?

अतिश्रमाचा फटका खुर्चीवर बसून काम करणाऱ्यांनाही चुकलेला नाही. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संयुक्त अभ्यासानुसार, आठवड्याला ५५ तास किंवा अधिक काम करणाऱ्यांना, ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत, पक्षाघाताचा धोका ३५ टक्क्यांनी आणि हृदयविकाराने मृत्यू येण्याचा धोका १७ टक्क्यांनी अधिक असतो. जानेवारी २०२५ मध्ये देशातील एका बड्या उद्योगसमूहाच्या प्रमुखांनी आठवड्याला ९० तास कामाची आणि रविवारीही कामावर येण्याची भाषा केली, तेव्हा मध्यमवर्ग खवळून उठला. ते योग्यच होते. मात्र स्वतःच्या रविवारवर गदा येताच ज्याला संताप येतो, त्याने आपल्या मोरीत भांडी घासणाऱ्या बाईचा शेवटचा रविवार कधी होता, हेही आठवून पाहावे.

या प्रश्नाची एक बाजू सामाजिक कार्यकर्त्यांच्या विशेष जिव्हाळ्याची आहे. अनेक निष्ठावान कार्यकर्ते आपला रविवार सेवावस्तीसाठी राखून ठेवतात. तेथे आरोग्य शिबिर भरते. डॉक्टर विनामूल्य तपासणी करतात, औषधे वाटली जातात. शिबिराला मुले येतात, वृद्ध येतात, पण वस्तीतील कर्त्या स्त्रिया फारशा दिसत नाहीत. त्या वेळी त्या त्याच शहरातील सोसायट्यांमध्ये, कदाचित शिबिर भरवणाऱ्यांच्याच घरी, भांडी घासत असतात. सरकारी दवाखान्याचा बाह्यरुग्ण विभागही बहुधा सकाळीच चालतो आणि सकाळ हीच त्यांची कामाची वेळ. म्हणजे तपासणीला जायचे तर खाडा पडणार आणि खाडा पडला तर पैसे कापले जाणार. अशा स्थितीत सेवेची सुरुवात वस्तीत जाऊन करण्यापूर्वी स्वतःच्या उंबरठ्याच्या आत व्हावी, असे म्हणण्यात काही चूक नाही.

यावर सुसंस्कृत घरांतून एक उत्तर नेहमी ऐकू येते. ‘आम्ही तिला कधी परकी मानले नाही, ती आमच्या घरच्यासारखीच आहे.’ हे उत्तर बहुतेक वेळा प्रामाणिक असते. दिवाळीला साडी दिली जाते, मुलांच्या फीसाठी उचल दिली जाते, जुने कपाट नेऊ दिले जाते. ही माया खोटी नाही आणि तिचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. परंतु माया ही देणाऱ्याच्या मनःस्थितीवर अवलंबून असते. ती आज असेल, उद्या पाहुणे येणार असतील तर नसेल. सुट्टीचे तसे नाही. अमुक वार आपला आहे, त्या दिवसाचे पैसे कापले जाणार नाहीत आणि त्यासाठी कोणाची मनधरणी करावी लागणार नाही, ही खात्री माणसाला ताठ मानेने जगू देते. शिवाय घरच्या माणसाला ताप आला तर त्याचा पगार कापला जात नाही, त्याला झोपवून ठेवतात. ‘घरच्यासारखी’ हा शब्द वापरायचा, तर तो तापाच्या दिवशीही वापरावा लागेल.

अडचणी नाहीत असे नाही. नवरा-बायको दोघेही नोकरी करत असतील, त्यांना रविवार हाच घर आवरण्याचा दिवस मिळतो. एकटे राहणारे वृद्ध आणि अंथरुणाला खिळलेले रुग्ण यांचा तर सांभाळ करणाऱ्या माणसावाचून एक दिवसही निभाव लागत नाही. मात्र या अडचणींवर तोडगे आहेत. सुट्टी रविवारीच हवी असे नाही. ती बुधवारी असली तरी चालेल, पण ती ठरलेली असावी. एका मावशीकडे चार घरे असतील तर त्या चार घरांनी मिळून एकच वार ठरवावा. तीन घरांची सुट्टी आणि चौथ्या घरी काम, अशी सुट्टी असून नसल्यासारखीच. रुग्णाच्या घरी त्या दिवशी मुलगा, सून, पुतण्या यांनी पाळी घ्यावी. त्या सुट्टीच्या दिवशी भांडी तुंबवून ठेवून दुसऱ्या दिवशी दुप्पट ढीग समोर टाकू नये. घरातील प्रत्येकाने आपले ताट आपण घासावे. स्वच्छतागृह वापरण्याची मोकळीक स्पष्ट शब्दांत सांगावी. चहा सर्वांच्या कपांतून द्यावा आणि तो बसून पिण्याइतका वेळ द्यावा. याला खर्च जवळजवळ काहीच येत नाही. केवळ सवय मोडावी लागते.

कायद्याच्या अंगाने काही पावले पडली आहेत. महाराष्ट्राने २००८ मध्ये घरेलू कामगारांसाठी कल्याण मंडळाचा कायदा केला. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने २०११ मध्ये घरकामगारांविषयीचा ठराव करताना सलग २४ तासांची साप्ताहिक विश्रांती हा किमान निकष मानला. २९ जानेवारी २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने घरकामगारांच्या संरक्षणासाठी कायदेशीर चौकटीचा विचार करण्यास समिती नेमावी, असे केंद्र सरकारला सांगितले. कायदा आवश्यकच आहे. तथापि, कारखान्यात निरीक्षक जाऊ शकतो, तसा तो प्रत्येक घराच्या स्वयंपाकघरात डोकावू शकत नाही. तेथे निरीक्षकाचे काम घरातील माणसांच्या विवेकालाच करावे लागते.

याच ओघात गृहिणीचाही विचार व्हायला हवा. २०२४ च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या स्त्रिया विनामोबदला घरकामासाठी दिवसाला सरासरी २८९ मिनिटे, तर घरकाम करणारे पुरुष ८८ मिनिटे देतात, असे आढळले. मावशीला सुट्टी मिळाली आणि तिचे सारे काम घरच्या लक्ष्मीच्या अंगावर पडले, तर एकीचा रविवार दुसरीच्या खिशातून दिल्यासारखे होईल. म्हणून त्या दिवशी घरातील पुरुषांनी आणि मुलांनी झाडू, फडके आणि घासणी हाती घेणे अपरिहार्य आहे. त्यात मुलांचा मोठा लाभ आहे. ज्या मुलाने स्वतः कढई घासली आहे, तो करपलेली कढई मोरीत फेकताना एकदा तरी थांबतो. श्रमाची प्रतिष्ठा भाषणांपेक्षा अशा एका रविवारात अधिक चांगली शिकवली जाते.

लोखंडे यांच्या त्या सभेत ज्या दोन स्त्रिया बोलायला उभ्या राहिल्या, त्यांच्या पणत्या-खापरपणत्या आजही या शहरांत कोठे ना कोठे राबत असतील. १३ दशकांपूर्वी गिरणीमालकांना जे मान्य करावे लागले, ते मान्य करण्यासाठी सुजाण कुटुंबांना मोर्चाची वा निवेदनाची वाट पाहण्याचे कारण नाही. येत्या रविवारी दाराची घंटा वाजेल, तेव्हा दार उघडणाऱ्याने एवढेच विचारावे : ‘मावशी, तुमचा सुट्टीचा वार कोणता ठरवायचा?’