विश्लेषण : १०० की ३७००? किरणोत्साराच्या मोजमापातील ३७ चा पाढा

शिवडीच्या जेट्टीवर फ्लेमिंगो पाहायला उभे राहिले की खाडीपलीकडे ट्रॉम्बेची टेकडी दिसते. तिथल्या 'ध्रुव' अणुभट्टीत वैद्यकीय उपयोगाचे आयोडिन-१३१ तयार होते. शिवडीला लागून असलेल्या परळमध्ये भाभा अणुसंशोधन केंद्राचे, १९६३ मध्ये सुरू झालेले रेडिएशन मेडिसिन सेंटर आहे. थायरॉइडच्या रुग्णांना हेच आयोडिन औषध म्हणून दिले जाते.

अशा उपचाराच्या कागदांवर बऱ्याच घरांचा गोंधळ उडतो. डॉक्टर तोंडी '१०० मिलीक्युरी' म्हणतात आणि कागदावर '३७०० मेगाबेक्वेरेल' छापलेले असते. डोस ३७ पट झाला, असे वाटून नातेवाईक धास्तावतात. प्रत्यक्षात दोन्ही आकडे एकच आहेत.

क्युरी आणि बेक्वेरेल म्हणजे काय?

१९१० मध्ये ब्रुसेल्सच्या परिषदेत 'क्युरी' हे एकक ठरले तेव्हा ते एक ग्रॅम रेडियमशी बांधलेले होते. पुढे त्याची व्याख्या आकड्यात पक्की झाली : सेकंदाला ३,७०० कोटी अणुकेंद्रांचे विघटन म्हणजे एक क्युरी. १९७५ मध्ये आंतरराष्ट्रीय पद्धतीने बेक्वेरेल स्वीकारले. सेकंदाला एक विघटन, बस्स. क्युरी अवाढव्य, तर बेक्वेरेल इतके चिमुकले, की प्रौढ माणसाच्या शरीरातल्या नैसर्गिक पोटॅशियममुळेच सुमारे ४,००० बेक्वेरेल भरतात. बातमीत 'हजारो बेक्वेरेल' वाचून घाबरण्याआधी एवढे आठवावे.

हिशेब कसा करायचा?

मिलीक्युरीला ३७ ने गुणले की मेगाबेक्वेरेल. मायक्रोक्युरीला ३७ ने गुणले की किलोबेक्वेरेल, नॅनोक्युरीला गुणले की साधे बेक्वेरेल. उलट जाताना ३७ ने भागायचे. गिगाबेक्वेरेल दिले असेल तर २७ ने गुणले की जवळपास मिलीक्युरी मिळतात : ३.७ गुणिले २७ म्हणजे ९९.९.

खरा धोका ३७ मध्ये नाही, उपसर्गात आहे. मिली आणि मायक्रो यांची अदलाबदल झाली तर चूक थेट हजारपट. म्हणून घाईघाईत लिहिलेले संक्षिप्त चिन्ह वाचून अंदाज बांधू नये, पूर्ण शब्द विचारून घ्यावा.

जुने एकक जात का नाही?

डॉक्टरांच्या पिढ्या ३०, १००, १५० अशा गोल आकड्यांवर शिकल्या. नवे एकक आले तरी आकडे जुनेच राहिले, फक्त वेश बदलून. आयोडिन घेतलेल्या रुग्णाला घरी सोडण्यासाठी अमेरिकेत १९९७ पर्यंत वापरात असलेली एक मर्यादा होती १११० मेगाबेक्वेरेल. असा विचित्र आकडा कोण ठरवेल? ३७ ने भागा, ३० मिलीक्युरी निघतात.

मुंबईकरांनी असाच आकडा पूर्वी पाहिला आहे. एप्रिल १९८६ मधील चेर्नोबिल दुर्घटनेनंतर युरोपीय समुदायाने दूध आणि बाळांच्या अन्नासाठी सीझियमची मर्यादा किलोला ३७० बेक्वेरेल ठेवली, बाकी अन्नासाठी ६००. त्यातले ३७० म्हणजे नेमके १० नॅनोक्युरी. त्यानंतर आयर्लंडहून मुंबईत आलेल्या लोण्याचा वाद उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयात गेला. न्यायालयाने तज्ज्ञांची समिती नेमली, आणि १९८८ मध्ये तिच्या अहवालानुसार ते लोणी निर्धोक ठरले. सामान्य माणसाला मात्र '३७० किरणोत्सारी' म्हणजे किती, हे त्या वेळी फारसे कोणी समजावले नव्हते.

बेक्वेरेलवरून अपाय कळतो का?

थेट नाही. बेक्वेरेल सांगते पदार्थात किती विघटने होतात. शरीरावर परिणाम किती, हे सिव्हर्टमध्ये मोजतात (जुने एकक रेम, १०० रेम म्हणजे एक सिव्हर्ट). बेक्वेरेलचे सिव्हर्ट करणारा एकच गुणक नसतो. कोणता पदार्थ, तो पोटात गेला की बाहेर राहिला आणि कुठल्या अवयवात साठला, यावर ते ठरते.

कागद वाचताना आणखी एक गोष्ट पाहावी : तारीख आणि वेळ. आयोडिन-१३१ चे अर्धायुष्य सुमारे आठ दिवसांचे. सोमवारी सकाळी १०० मिलीक्युरी असलेली कुपी पुढच्या मंगळवारी सकाळी ५० वर येते, म्हणजे १८५० मेगाबेक्वेरेलवर. एकक बरोबर आणि तारीख चुकीची असेल, तरी आकडा चुकतोच.