पाव आण्याची दलाली आणि भागधारकाचा नकार

१/
गिरणगावाचा इतिहास म्हटला की चिमण्या, भोंगे, चाळी आणि संप आठवतात. त्याच इतिहासाच्या हिशेबवहीत एक लहानसे नाणे दडलेले आहे : पाव आणा. दर रत्तल उत्पादनामागे गिरणीच्या चालकांना मिळणारी ही दलाली. कंपनीने आपल्याच आतल्या माणसांशी केलेले व्यवहार उघड का करावेत, आणि नुसते उघड केल्याने भागते का, या प्रश्नाचे उत्तर त्या पाव आण्यात सापडते. आजचा धागा त्याविषयी.

२/
प्रथम संज्ञा समजून घेऊ. कंपनीचे प्रवर्तक, संचालक, त्यांचे नातेवाईक आणि त्यांच्या ताब्यातील इतर कंपन्या यांना कायद्याच्या भाषेत ‘संबंधित पक्ष’ म्हणतात. कंपनीने त्यांच्याकडून जमीन घेतली, त्यांना कर्ज दिले किंवा त्यांच्या पेढीकडून माल खरेदी केला, तर तो संबंधित पक्षाशी झालेला व्यवहार. देणारा आणि घेणारा जवळजवळ एकच. पैसा मात्र तिसऱ्याचा. तो तिसरा म्हणजे सामान्य भागधारक.

३/
माझे मत आरंभीच मांडतो. अशा प्रत्येक व्यवहाराला तीन प्रश्न विचारावेत. तो कोणाला कळला? कधी कळला? आणि कळल्यावर ‘नाही’ म्हणण्याचा अधिकार त्यांना होता का? दीडशे वर्षांच्या इतिहासात पहिल्या दोन प्रश्नांवर बरीच शाई खर्च झाली. खरा निकाल मात्र तिसऱ्या प्रश्नावर लागत आला आहे.

४/
पाव आण्याच्या आधी एका बँकेची कथा. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचे मोल आले. शहरात पैशाचा पूर लोटला. बँका, वित्तसंस्था आणि समुद्र हटवून जमीन करणाऱ्या कंपन्या यांचे पेव फुटले. बॅक बे रेक्लमेशन कंपनीचा शेअर हे त्या उन्मादाचे निशाण ठरले.

५/
१८४० साली स्थापन झालेली बँक ऑफ बॉम्बे ही या शहराची प्रतिष्ठित बँक. तिच्यात सरकारचेही भाग होते. १८६३ च्या नव्या कायद्याने तिच्यावरील जुनी बंधने सैल केली आणि शेअर तारण ठेवून कर्ज देण्याची वाट मोकळी झाली. कर्जवाटपाचे मोठे अधिकार चिटणिसाच्या हाती गेले. त्या काळी शेअरबाजारावर अधिराज्य गाजवणारे प्रेमचंद रायचंद यांचा शब्द बँकेत प्रमाण मानला जाऊ लागला. त्यांना आणि त्यांनी शिफारस केलेल्यांना कर्जे मिळत गेली.

६/
एप्रिल १८६५ मध्ये अमेरिकेतील दक्षिणेच्या सेनापतीने शरणागती पत्करली आणि कापसाचे भाव कोसळले. १ जुलै १८६५ हा वायद्यांच्या देण्याघेण्याचा दिवस; त्या दिवशी शहरातील कागदी श्रीमंतीचा बुरखा फाटला. १८६६ मध्ये प्रेमचंद बुडाले, १८६८ मध्ये बँक गुंडाळली गेली. मुंबई विद्यापीठाचा राजाबाई मनोरा याच प्रेमचंदांच्या देणगीतून, त्यांच्या मातोश्रींच्या नावाने उभा आहे. माणूस दानशूर होता, यात संशय नाही. पण दानशूरपणा हा हिशेबाला पर्याय होऊ शकत नाही.

७/
सर चार्ल्स जॅक्सन यांच्या अध्यक्षतेखालील चौकशी आयोगाने या पतनाची कारणे शोधली. कायद्याने काढून घेतलेली बंधने, चिटणिसांनी केलेला अधिकाराचा गैरवापर आणि संचालकांची बेफिकिरी ही त्यांतील प्रमुख. आता आपले तीन प्रश्न लावा. व्यवहार कोणाला ठाऊक होते? आतल्यांना. बाहेरच्यांना कधी कळले? पैसा गेल्यावर. नकाराचा प्रश्नच उद्भवला नाही. गुपिताने झालेल्या नुकसानीचा हा सरळ नमुना.

८/
पाव आण्याचे प्रकरण याहून अधिक विचार करायला लावणारे आहे, कारण त्यात गुपित असे काही नव्हतेच. कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ साली मुंबईतील पहिली कापड गिरणी कंपनी स्थापन केली. पुढे गिरण्या वाढल्या तशी ‘मॅनेजिंग एजन्सी’ची पद्धत रुजली. कंपनीचे भागधारक अनेक. पण तिचा कारभार एका खासगी पेढीकडे, लेखी कराराने आणि दीर्घ मुदतीसाठी सोपवलेला. ही पेढी बहुधा कंपनीच्या संस्थापकांचीच असे.

९/
पेढीचा मोबदला कसा ठरे? मुंबईत दर रत्तल उत्पादनामागे पाव आणा ही रीत पडली. गिरणीला नफा होवो वा तोटा, सूत निघाले की पेढीचा पाव आणा ठरलेला. बाजारात मंदी असतानाही चाती फिरती ठेवण्यात पेढीचे हित, आणि न विकलेल्या मालाचा भार मात्र भागधारकाच्या माथी. शिवाय कापूस, कोळसा, यंत्रसामग्री यांच्या खरेदीवर आणि मालाच्या विक्रीवर वेगळी दलाली घेणाऱ्या पेढ्याही होत्या.

१०/
हे सारे करारात लिहिलेले असे. भागधारकाला वाचता येत होते, वर्तमानपत्रांत त्यावर चर्चा होत होती. दिनशा वाच्छा यांनी या दलालीवर कठोर टीका केली. शेअरच्या उन्मादाचा आणि प्रेमचंदांचा इतिहासही त्यांनीच पुढे ग्रंथरूपाने लिहिला. जमशेटजी टाटांनी १८८६ च्या सुमारास स्वदेशी मिलच्या वेळी उत्पादनाऐवजी नफ्यावर मोबदला घेण्याचा पायंडा पाडला. तरीही पाव आणा दशकानुदशके टिकून राहिला.

११/
तो का टिकला? करार बदलण्याची सत्ता ज्यांच्याकडे होती, त्यांचाच त्यात लाभ होता. संचालक मंडळात पेढीची माणसे, सभेत पेढीच्या बाजूची मते. विखुरलेल्या भागधारकाला माहिती होती, पण त्या माहितीला दात नव्हते. पारदर्शकतेचे गोडवे गाणाऱ्यांनी हा प्रसंग ध्यानात ठेवावा. उघड्यावर झालेला अन्याय केवळ उघड असल्यामुळे न्याय्य ठरत नाही.

१२/
दुसरी बाजूही प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. १९२४ साली टाटांचा पोलाद कारखाना संकटात सापडला तेव्हा दोराबजी टाटांनी स्वतःची संपत्ती इंपीरियल बँकेकडे गहाण ठेवून कंपनीसाठी कर्ज उभे केले. कारभारी पेढीच्या प्रमुखाने कंपनीसाठी स्वतःला पणाला लावले, हाही आतल्या माणसाचाच व्यवहार. भांडवल दुर्मीळ असलेल्या देशात या पेढ्यांनी उद्योग उभे केले, हे नाकारता येत नाही. तेव्हा आतल्यांशी होणारा प्रत्येक व्यवहार पाप नव्हे. तो न्याय्य आहे की नाही हे ठरवण्याचे काम आतल्याकडेच असावे का, एवढाच वाद आहे.

१३/
कायदा हळूहळू जागा झाला. १९१३ च्या कंपनी कायद्यात पुढच्याच वर्षी दुरुस्ती झाली. एखाद्या करारात संचालकाचे हित गुंतले असेल, तर त्याने ते संचालकांच्या सभेत सांगावे आणि त्यावर मत देऊ नये, असे तिने ठरवले. पण सांगायचे कोणाला? सहकारी संचालकांना, आणि तेही अनेकदा त्याच पेढीने बसवलेले. १९३६ च्या दुरुस्तीने अधिक कडक पावले टाकली : पेढीच्या करारांना वीस वर्षांची मर्यादा, मोबदला निव्वळ नफ्यावर आणि कंपनीने पेढीला कर्ज देण्यास मनाई. १९५६ च्या कायद्याने फास आणखी आवळला. अखेर ३ एप्रिल १९७० रोजी ही पद्धतच संपुष्टात आली.

१४/
पद्धत गेली, प्रश्न उरला. त्याचे आजचे रूप समजण्यासाठी अमेरिकेतील एका खटल्याकडे जावे लागते, कारण ताळेबंदातील तळटीप म्हणजे काय असते हे तिथे न्यायालयात तपासले गेले. कॉन्टिनेन्टल व्हेंडिंग नावाच्या कंपनीने व्हॅली नावाच्या संलग्न कंपनीला कर्ज दिले होते. व्हॅलीने ते पैसे कॉन्टिनेन्टलचाच अध्यक्ष हॅरोल्ड रॉथ याला दिले, आणि ते त्याने शेअर व्यवहारांत घातले. १९६२ च्या ताळेबंदात ‘व्हॅलीकडून येणे’ सुमारे ३५ लाख डॉलर दिसत होते.

१५/
तळटिपेत व्हॅलीचा उल्लेख होता, रॉथचा नव्हता. तारण आहे असे म्हटले होते. ते बहुतांशी कॉन्टिनेन्टलच्याच रोख्यांचे आहे, हे सांगितलेले नव्हते. कंपनी बुडाली आणि तिच्या लेखापरीक्षकांवर फौजदारी खटला उभा राहिला. लेखाशास्त्राच्या रूढ नियमांनुसार याहून अधिक सांगणे आवश्यक नव्हते, अशी साक्ष आठ नामवंत लेखापालांनी दिली. तरीही दोषसिद्धी झाली आणि १९६९ मध्ये ती अपिलातही कायम राहिली. नियमाचे शब्द पाळले, एवढ्याने सुटका होत नाही. वाचणाऱ्याची दिशाभूल झाली का, हेही पाहिले जाईल, हा त्याचा मथितार्थ.

१६/
यानंतर अशा व्यवहारांच्या नोंदीला स्वतंत्र लेखामानके मिळाली : १९८२ मध्ये अमेरिकेत, १९८४ मध्ये आंतरराष्ट्रीय पातळीवर आणि १ एप्रिल २००१ पासून भारतात. नाते कोणते, व्यवहार कोणता, रक्कम किती, येणेदेणे किती उरले, हे सारे वार्षिक अहवालात येऊ लागले. ‘कोणाला कळले’ याचे उत्तर आता ‘सर्वांना’ असे झाले. ‘कधी’ याचे उत्तर मात्र ‘वर्ष सरल्यावर’ असेच होते.

१७/
मग आली १६ डिसेंबर २००८ ची संध्याकाळ. हैदराबादच्या सत्यम कॉम्प्युटर्सच्या संचालक मंडळाने मायटास नावाच्या दोन कंपन्या सुमारे १६० कोटी डॉलरला घेण्याचे जाहीर केले. एक बांधकाम व पायाभूत सुविधांची, दुसरी जमीनजुमल्याची. दोन्ही अध्यक्ष रामलिंग राजू यांच्या कुटुंबाशी निगडित. सत्यम हे नाव इंग्रजी अक्षरांत उलटे वाचले की मायटास होते! प्रवर्तकांचा सत्यममधील वाटा दहा टक्क्यांहूनही कमी होता. मंडळात नामांकित स्वतंत्र संचालक होते. भागधारकांच्या मताची आवश्यकता नाही, अशी व्यवस्थापनाची भूमिका होती.

१८/
अमेरिकेच्या बाजारात सत्यमचे रोखे अर्ध्याहून अधिक कोसळले. गुंतवणूकदारांचा संताप एवढा उसळला की काही तासांतच हा प्रस्ताव मागे घ्यावा लागला. ७ जानेवारी २००९ रोजी राजूंनी पत्र लिहून कबुली दिली : ताळेबंदातील रोकड ५,०४० कोटी रुपयांनी फुगवलेली होती, आणि मायटासचा व्यवहार म्हणजे त्या काल्पनिक मालमत्तेच्या जागी खरी मालमत्ता आणण्याचा अखेरचा प्रयत्न होता.

१९/
तिन्ही प्रश्न येथे पुन्हा लावून पाहा. व्यवहार सर्वांना कळला आणि तो पूर्ण होण्याआधी कळला. नकाराचा अधिकार मात्र कायद्याने दिलेला नव्हता. तो लोकांनी शेअर विकून बजावला. पाव आण्याच्या काळातील भागधारकाला जे साधले नाही, ते एका रात्रीत घडले आणि त्या धक्क्यानेच वर्षानुवर्षांचा बनाव कोसळला. पण शेअर विकून दिलेला नकार महाग असतो. घर जळताना बाहेर पळणाऱ्याचा जीव वाचतो, घर वाचत नाही.

२०/
म्हणून पुढच्या सुधारणेला मी निर्णायक मानतो. २०१३ चा कंपनी कायदा आणि २०१४ नंतरचे सेबीचे नियम यांनी तत्त्व घालून दिले की ठरावीक मर्यादेवरील व्यवहारांना भागधारकांची संमती हवी, आणि त्या ठरावाच्या बाजूने संबंधित पक्षांना मत देता येणार नाही. २०२२ मध्ये १,००० कोटी रुपये किंवा उलाढालीच्या दहा टक्के, यांपैकी जी रक्कम कमी असेल ती मर्यादा ठरवली गेली होती, आणि संमती आधीच घेणे बंधनकारक ठरले. ज्याचा पैसा, त्याचा नकार, हे सूत्र प्रथमच कायद्यात स्पष्टपणे उतरले.

२१/
या नियमांमुळे कागदपत्रे वाढतात, मोठ्या उद्योगसमूहांच्या नित्याच्या व्यवहारांना विलंब लागतो, अशी तक्रार उद्योगजगत करते. ती सर्वस्वी खोटी नाही. पन्नास पानांच्या जंजाळात महत्त्वाचा व्यवहार हरवत असेल, तर तेही एक प्रकारचे लपवणेच आहे. कागद जरूर कमी करावेत, मर्यादांवरही चर्चा व्हावी. परंतु माहिती आधी देणे आणि हितसंबंधी मते बाजूला ठेवणे या दोन खांबांना हात लावू नये. १८६३ साली ‘बंधने जाचक आहेत’ म्हणून ती सैल केली गेली होती. पाच वर्षांत बँक उरली नाही.

२२/
हा इतिहास आपल्यासाठी दूरचा नाही. म्युच्युअल फंडात दरमहा पैसे घालणारा प्रत्येक तरुण आज अनेक कंपन्यांचा अप्रत्यक्ष भागधारक आहे. एखाद्या कंपनीचा वार्षिक अहवाल उघडा, संबंधित पक्षांच्या व्यवहारांची टीप शोधा आणि कर्ज, भाडे, ‘सेवाशुल्क’ कोणाला गेले ते पाहा. तुमच्या वतीने फंडाने त्या ठरावावर कसे मत दिले, तेही फंडाला जाहीर करावे लागते. ते वाचा. पाव आणा कोणालाच दिसत नव्हता असे नाही. तो नाकारण्याची ताकद पाहणाऱ्यांकडे नव्हती. ती आज आपल्याकडे आहे, आणि वापरली नाही तर ती कागदावरच राहील.