घरचं आरोग्य : धावरं, गळू की नुसती सूज?

गौरी-गणपती तोंडावर आले की घरातली बाई दिवसभर उभी असते. मोरीत पाय ओले, बाजारच्या चिखलात पाय ओले, आणि रात्री पाहावं तर बोटांच्या बेचक्यांत चिखल्या झालेल्या. त्यांच्याकडे कोण लक्ष देतो! मग एखाद्या संध्याकाळी एकाएकी हुडहुडी भरते, सणकून ताप येतो आणि सकाळी नडगीवर लालबुंद, तापलेला, चकाकणारा चट्टा दिसतो. सासूबाई म्हणतात, "धावरं आहे, गेरू लाव." शेजारीण म्हणते, "नागीण असेल, उतरवून घे." आणि आपण म्हणतो, "सण होऊ दे, मग जाऊ दवाखान्यात." मैत्रिणींनो, यातलं सर्वांत धोक्याचं वाक्य आपलंच आहे.

धावऱ्याला आयुर्वेदात विसर्प म्हणतात. विसर्प म्हणजे पसरत जाणारा. डॉक्टरी नाव इरिसिपेलस. हा दृष्टीचा किंवा उष्णतेचा विकार नव्हे. स्ट्रेप्टोकोकस नावाचे जंतू कातडीच्या बारीकशा फटीतून आत शिरतात. ती फट म्हणजे चिखली, टाचेची भेग, खरचटणं, खाजवलेली डासाची गांधी, काहीही असू शकतं. सगळ्या लाल सुजा मात्र एकसारख्या नसतात, म्हणून त्यांच्यातला फरक समजून घ्या.

धावरे : जंतू कातडीच्या वरच्या थरात असतात. चट्ट्याची कड स्पष्ट आणि किंचित उंच असते, बोट फिरवलं तर हाताला लागते. हा बहुधा पायावर होतो, कधी चेहऱ्यावर. जांघेत अवधाण येतं. सावळ्या अंगावर लाली चटकन दिसत नाही. तेव्हा कढतपणा, ताण आणि ठणका यांवर भिस्त ठेवा.

सेल्युलायटिस : हा धावऱ्याचा सख्खा भाऊ, पण खोल, चरबीच्या थरापर्यंत जाणारा. सूज कुठे सुरू झाली नि कुठे संपली हे सांगता येत नाही. कधी कधी दोन्ही एकत्रही असतात. उपचार जवळपास सारखेच.

गळू, केसतूड, काळपुळी : यांत पू धरतो. हे काम बहुधा स्टॅफिलोकोकस या दुसऱ्या जंतूचं. पू मोठा असेल तर नुसत्या गोळ्यांनी भागत नाही, डॉक्टरांनी चीर देऊन तो काढावा लागतो. घरी सुईने टोचू नका आणि पिळू तर मुळीच नका, विशेषतः नाक-ओठांच्या आसपास.

चौथा प्रकार क्वचित होतो, पण जीवघेणा. यात जंतू स्नायूंवरच्या आवरणापर्यंत पोचून मांस सडवतात. खूण एकच लक्षात ठेवा : वरून फारसं दिसत नाही, पण कळा सोसवत नाहीत. मग कातडी जांभळी-काळपट होते, फोड येतात, तो भाग बधिर पडतो, माणूस गळून जातो किंवा बरळू लागतो. अशा वेळी सकाळची वाट पाहू नका, रात्रीच मोठ्या इस्पितळात न्या. तिथे तातडीची शस्त्रक्रियाच जीव वाचवते.

नागीण या कुटुंबातली नाहीच. ती विषाणूने होते, अंगाच्या एकाच बाजूला पट्ट्यासारखी उठते आणि तिच्यात बारीक फोडांचे घोस असतात. तिचं औषध वेगळं, पण तेही लवकर सुरू करावं लागतं.

आता उपाय. धावऱ्यावर पेनिसिलीनच्या वर्गातली औषधं आजही उत्तम लागू पडतात. त्यांची पूर्वी कधी रिॲक्शन आली असेल तर आधी सांगा, दुसरी औषधं आहेत. सुधारणा दिसत असेल तर साधारण 5 ते 7 दिवसांत काम होतं. मात्र ताप उतरला म्हणून तिसऱ्या दिवशी गोळ्या डब्यात ठेवून देऊ नका. 1941 साली ऑक्सफर्डमध्ये चेहऱ्याला असाच जंतुसंसर्ग झालेल्या एका पोलिसाला नवंकोरं पेनिसिलीन दिलं होतं. तो झपाट्याने सुधारला, पण औषधाचा साठाच संपला. आजार उलटला आणि तो गेला. आपल्याकडे औषध आहे, तर ते सांगितलेले दिवस पुरं करावं.

घरी करायचं ते एवढंच : पाय उशांवर, छातीच्या पातळीपेक्षा थोडा वर ठेवून पडून राहा. सूज उतरायला याची फार मदत होते. चट्ट्याच्या कडेने बॉलपेनने रेघ आखा आणि शेजारी वेळ लिहा. औषध सुरू झाल्यावर पहिला दिवसभर लाली थोडी वाढू शकते, त्याने घाबरू नका. पण 48 तासांनंतरही ती रेघेबाहेर धावत असेल, ताप हटत नसेल, तर परत दाखवा. गेरू, हळद-चुन्याचा लेप लावू नका. त्याखाली कड दिसत नाही. खाजेवर म्हणून दुकानातून आणलेलं स्टेरॉइडचं मलम तर नकोच.

मधुमेह असेल, चट्टा डोळ्याजवळ असेल, दिवस गेलेले असतील, रुग्ण तान्हं मूल असेल, किंवा स्तनाच्या शस्त्रक्रियेत काखेतल्या गाठी काढल्यावर त्या बाजूचा हात लाल होऊन सुजला असेल, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

एकदा झालेलं धावरं पुन्हा पुन्हा येऊ शकतं. वारंवार येत असेल तर डॉक्टर कमी मात्रेत पेनिसिलीन वर्षभरही देतात. 2013 साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधल्या एका मोठ्या पाहणीत, पुन्हा आजार होण्याचं प्रमाण त्यामुळे शंभरात 37 वरून 22 वर आलेलं दिसलं. पण गोळ्या थांबवल्यावर हा फायदा टिकला नाही. म्हणून दार बंद करणं महत्त्वाचं, आणि ते दार म्हणजे बोटांची बेचकी. रात्री पाय धुऊन जुन्या मऊ धोतराच्या फडक्याने बेचक्या कोरड्या करा, चिखल्यांना बुरशीचं मलम लावा, भेगांना तेल किंवा व्हॅसलिन चोळा. घरातल्या सगळ्यांची अंथरुणं घातल्यावर हे पाच मिनिटांचं काम उरतं. ते रोज करा, सणाच्या दिवशीसुद्धा.